इंग्लिश खाडी रिले: डोंबिवलीत बसून थंड पाण्याची सवय कशी करावी?

ठाकुर्लीपार | १४ डिसेंबर
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

वय ४३, नोकरी बँकेत, पोहणं लहानपणापासून. गेली चार वर्षं मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेत ५ किमी करतेय. वेग बेताचाच, पण दम टिकतो. टँकमध्ये तीन तास न थांबता पोहते. येत्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहणाऱ्या सहा जणींच्या रिले संघात मला जागा मिळाली आहे. चौघी तिकडच्याच, दोघी इथल्या. बोट ठरली, पैसे भरले, नवऱ्याला सांगून झालं, सासूबाईंना अजून नाही.

अडचण एवढीच की मला थंड पाणी माहीतच नाही. गेल्या मे महिन्यात नणंदेकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा म्हटलं उतरून तर बघू. तळ्याचं पाणी १४ अंश. छातीपर्यंत गेले आणि श्वास अडकला. अडकला म्हणजे नुसता आत आत जात राहिला, बाहेर सोडताच येईना. तोंड पाण्यात घातलं तर कपाळात कुणी खिळा ठोकतंय असं वाटलं. चार मिनिटांत काठावर. तीन तास पोहणारी बाई, चार मिनिटांत!

तर, इथे राहून ही सवय होते का? बर्फाच्या टबाचा उपयोग होतो का? वजन वाढवायला सांगतायत, ते खरंच लागतं का (उंची ५ फूट २, वजन ५१)? आणि किती दिवस आधी जाऊन राहावं? "कशाला हवेत हे उद्योग" हे घरी रोज ऐकते, तेवढं सोडून काहीही सांगा.

उंटावरचा_शहाणा
तेवढं सोडून म्हणालात म्हणून ते विचारत नाही. फक्त एक माहिती. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब ही खाडी पहिल्यांदा पोहून गेला तेव्हा त्याला बोटीवरून ब्रँडी पाजली होती. २१ तास ४५ मिनिटं, तीही ब्रेस्टस्ट्रोकने. तुम्हाला एका वेळी एकच तास पोहायचंय, अर्ध्या पेगात भागेल ;)

डॉ_कुडकुड
उंटावरून खाली या. दारूने कातडीकडे जास्त रक्त जातं, त्यामुळे ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली उष्णता भराभर निघून जाते. ब्रँडी बंदरात परत आल्यावर, कुडकुड पूर्ण थांबल्यावर.

ताई, तुम्हाला तळ्यात झालं तो भित्रेपणा नव्हता, दमही कमी पडला नव्हता. कातडीला अचानक गार लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, धाप लागते, ठोके वाढतात. पहिली दोन-तीन मिनिटं हे चालतं आणि मग ओसरतं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा ते ओसरायलाच आलं होतं. म्हणून थंड पाण्यात सूर मारायचा नाही. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर संपलं. हळूहळू उतरा, मानेवर आणि तोंडावर पाणी मारा, तोंडाने लांब फुंकर घालत श्वास सोडा, मगच चेहरा आत.

चांगली बातमी ही की हे सवयीने कमी होतं. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांत ही प्रतिक्रिया जवळजवळ निम्म्यावर येते, आणि ती सवय पुढे काही महिने टिकते. टबाचा उपयोग तेवढ्यापुरताच. बाथरूममधल्या पिंपात बर्फाच्या लाद्या टाका, आठवड्यातून दोनदा तीन-तीन मिनिटं बसा, घरात कुणीतरी जागं असताना.

पण तासभर पोहताना अंगातली उष्णता हळूहळू जाते, ती गोष्ट वेगळी आणि टबाने ती सुधारत नाही. हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढतं. त्यासाठी थंड पाण्यात लांबलचक पोहावंच लागतं. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, टबात दहा मिनिटं बसून फोटो टाकतात आणि खाडीत गारठतात.

चाळिशी उलटलीय म्हणून ईसीजी आणि इको करून घ्या. थंडीने ठोके वाढत असतात आणि त्याच वेळी चेहरा पाण्यात गेला की ते मंदावायची शरीराची उपजत सवय असते. या ओढाताणीत हृदयाची लय बिघडू शकते. पोहताना धाप लागून खोकला येऊ लागला, फेस किंवा गुलाबी थुंकी दिसली, तर तिथेच थांबायचं. फुप्फुसात पाणी साठत असतं तेव्हा, नाकातोंडात गेलेलं नव्हे. "थोडं रेटू" हा विचार तेव्हा करू नका.

खाडीपार
डॉक्टरांशी सहमत. मी धरमतर ते गेटवे केलंय, ३६ किमी. डोव्हरला, म्हणजे इंग्लिश खाडीच्या इंग्लंडकडच्या बंदरावर, मात्र पोहायला नाही, मित्राच्या बोटीवर मदतनीस म्हणून गेलो होतो. त्यामुळे माझा सल्ला काठावरून नसला तरी बोटीवरून आहे.

धरमतरला पाणी कोमट, अंतर जीव काढतं, पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. तिकडे उलटं. सरळ रेषेत ३३-३४ किमी, म्हणजे अंतर आपल्याला नवीन नाही. पण निओप्रीन सूट (ऊब धरणारा रबरी पोशाख) चालत नाही, साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, एक गॉगल. लोक अंगाला ग्रीस फासतात ते काखेत आणि मानेला कातडं सोलू नये म्हणून. त्याने ऊब मिळते हा गैरसमज आहे. मित्र सातव्या तासापर्यंत ठीक होता. मग त्याची करंगळी बाकीच्या बोटांपासून सुटली. हात पाण्यात पंजासारखा फाकलेला येऊ लागला. त्याला ते कळलंच नाही, आम्हाला वरून दिसलं. मिनिटाला ६२ हात मारणारा माणूस ५४ वर आला. दर अर्ध्या तासाला दोरीने बाटली सोडायचो, कोमट पाण्यात माल्टोडेक्स्ट्रिन (ताकदीसाठी पिठूळ साखरेसारखी पूड). तेव्हा, थंडीने डोकं भरकटलं नाही ना हे बघायला, त्याला एकोणीसचा पाढा विचारला. "एकोणीस चोक शहात्तर" पर्यंत बरोबर, पुढे हसायला लागला. पंधरा मिनिटांनी काढला त्याला बाहेर. अजून बोलतो मला कधी कधी त्यावरून, पण पुन्हा तसंच करेन.

तुमचं रिलेचं गणित वेगळं. प्रत्येकीने एक तास, क्रम ठरलेला, तो शेवटपर्यंत बदलत नाही. एकीने तास पुरा केला नाही तर सगळ्यांचं बाद. खरी परीक्षा दुसऱ्या पाळीची. पहिली पाळी उत्साहात होते. मग पाच तास डुलणाऱ्या बोटीवर, ओले केस, डिझेलचा वास, निम्म्या जणी ओकतायत, आणि मध्यरात्री कुणीतरी हलवून म्हणतं, चला, तुमचा नंबर. ऊब येऊन गेलेल्या अंगाने पुन्हा त्या काळ्या पाण्यात उतरायचं. म्हणून सराव करताना एकदा पोहून थांबू नका. पोहा, कपडे घाला, चार-पाच तास थांबा, पुन्हा उतरा. हे कुणी करत नाही.

कपड्यांचं आत्ताच सांगतो, हसू नका. नाडीची सलवार नेऊ नका. बाहेर आल्यावर बोटं लाकडासारखी असतात, नाडी बांधता येत नाही, बटण लागत नाही. इलॅस्टिक, ढगळ, आधी वरचे कपडे मग खालचे. चहा अर्धा कपच घ्या, नाहीतर थरथरून निम्मा अंगावर सांडतो. आणि लक्षात ठेवा, बाहेर आल्यावर पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग थंडी आतपर्यंत पोचते आणि खरी कुडकुड सुरू होते. त्या दहा मिनिटांत कपडे घालून मोकळं व्हायचं. फोटो नंतर. कडक गरम शॉवर लगेच नको, चक्कर येते.

भांगउधाण
मालवणकडून राम राम. चिवल्यावर भेट झाली असेल बहुधा.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. तुमची बोट भांगावरची (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस) आहे की उधाणावरची (जोर जास्त असतो ते दिवस)? तिकडचे पायलट, म्हणजे सोबतच्या बोटीचे चालक, आठवड्याची मुदत देतात, ती बहुतेक भांगाच्या दिवसांची असते, कारण तेव्हा ओढ कमी. उधाणाच्याही तारखा देतात, त्या जरा लवकर मिळतात. तिथला प्रवाह खाडीला आडवा वाहतो, साधारण सहा तासांनी उलटतो. म्हणून नकाशावर पोहणाऱ्याची वाट सरळ नसते, पसरट वेलांटी काढल्यासारखी दिसते. फ्रान्सचं ते ग्रि-ने टोक चुकलं की पुढची जमीन लांब. शेवटच्या दोन मैलांत लोक तीन-तीन तास घासतात ते यामुळे. तारीख मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिथी बघून सांगतो. अष्टमीच्या आसपास असेल तर बरं.

हवापालट
मूळ सातारचा, सध्या लंडन. ताई, तुमच्या प्रश्नांत एक आकडा फारच वाईट आहे, ५१ किलो. सहा-सात किलो चढवा. तिकडे जाड माणसाचा हेवा करतात, मी डोळ्यांनी बघितलंय. सासूबाईंना बातमी द्यायची हीच वेळ. "डॉक्टरांनी डिंकाचे लाडू सांगितलेत" अशी सुरुवात करा.

किती दिवस आधी यावं? निदान तीन आठवडे. डोव्हर बंदराच्या आत खाडीवाल्यांचा सराव चालतो, मे ते सप्टेंबर. मेअखेर पाणी १२-१३, ऑगस्टमध्ये १७-१८. एकट्याने जाणाऱ्यांना आधी १६ अंशांच्या आतल्या पाण्यात सलग ६ तास पोहून दाखवावं लागतं. रिलेला त्याहून कमी, तुमच्या संघटनेच्या नियमात बघा आणि ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. वारा असला तर बंदरातही चार-चार दिवस जातात.

आता "कशाला हवेत हे उद्योग" याचं उत्तर, तुम्ही नको म्हणालात तरी. मी इथे आलो तेव्हा सहा महिने ऑफिसबाहेर कुणाशी चार वाक्यं बोललो नव्हतो. एका ऑक्टोबरात टूटिंग बेकच्या उघड्या टँकवर गेलो. ९१ मीटर लांब आहे तो, सरळ टोक दिसत नाही सकाळच्या वाफेत. बाहेर आल्यावर हात इतके गेले होते की मोजे चढेनात. शेजारच्या बाकावरची सत्तरीची बाई काही न बोलता खाली बसली, माझी पावलं पुसली, मोजे घातले आणि आपल्या मैत्रिणीशी लीकच्या भाजीबद्दल बोलणं पुढे चालू ठेवलं. माझ्या आईनंतर माझ्या पायात मोजे कुणी घातले नव्हते. दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्यात पराक्रम वगैरे काही नाही.

पाढ्याऐवजी पोहताना मी स्टेशनं म्हणतो. सातारा ते पुणे पुरत नाहीत, तुम्हाला लोकलची बरीच मिळतील.

उंटावरचा_शहाणा
हे मोज्यांचं वाचून ब्रँडीचं मागे घेतो.

आपल्या पुण्याच्या रोहन मोरेंनी 'ओशन्स सेव्हन'च्या सातही सामुद्रधुन्या पोहून काढल्या ना? ते भारतात राहूनच तयारी करत असतील.

खाडीपार
हो. २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुकची सामुद्रधुनी झाली आणि सात पुरे, आशियातले पहिले. त्यातली आयर्लंड-स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनल सगळ्यांत गार, १०-१४ अंश, वर जेलीफिशचे डंख. पण त्यांचं नाव घेऊन ताईंना घाबरवू नका, एका तासाचं बघू.

द्राक्षबाग
निफाडहून लिहितोय. थंडी पाहिजे म्हणता, आमच्याकडे या की. आमची द्राक्षं तडकतात त्या थंडीने. जानेवारीत पहाटे आमच्या शेततळ्यात थर्मामीटर टाकला होता, १७ अंश. तुम्हाला हवं तेच तर.

पण एक अट. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, उतार निसरडा. पोहणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही, घसरून घसरून दमतो आणि जातो. आमच्या भागात दरवर्षी पोरं जातात अशी. म्हणून चारही बाजूंना दोर आणि ट्यूब बांधतो, शिडी टाकतो, काठावर दोन माणसं उभी करतो, तेव्हाच उतरायचं. एकटं कुणी यायचं म्हटलं तर मी नाही म्हणणार. गरम पिठलं-भाकरी आमच्याकडून.

ठाकुर्लीपार | १९ जानेवारी
सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, पण काहीतरी करून मग लिहायचं ठरवलं होतं.

टबाचे चौदा दिवस झाले. मेडिकल झालं, सगळं नीट आहे. ५४ किलो. सासूबाईंना लाडवांपासून सुरुवात करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधीच सांगायचंस, मेथीचेही केले असते."

भांगउधाण, तारखा कळवल्या. तुम्ही नवमी म्हणालात, जिवात जीव आला.

काल निफाडला गेलो, मी आणि नवरा. पहाटे साडेसहा, पाणी साडेसोळा. द्राक्षबाग दादांनी चार दोर, शिडी आणि चुलत्यांना काठावर खुर्ची, असा बंदोबस्त केला होता. हळूहळू उतरले, फुंकर घातली. श्वास अडकला, पण या वेळी सुटलाही. खिळा कपाळात आला आणि चौथ्या चकरेला गेला. त्यानंतरची वीस मिनिटं मला इतकी आवडली की सांगता येत नाही. कातडी पेटल्यासारखी आणि आत सगळं शांत.

नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, दर दहा मिनिटांनी थांबवून विचार, कर्जतहून डोंबिवलीपर्यंत स्टेशनं. दहाव्या मिनिटाला घडाघडा. विसाव्यालाही. चाळिसाव्याला भिवपुरी, नेरळ म्हटलं आणि पुढे वांगणी. तो म्हणाला शेलू राहिलं. मी त्याच्याशी भांडले की शेलू नावाचं स्टेशनच नाही. रोज त्याच मार्गावरून जाणारी बाई! त्याने चुलत्यांकडे बघितलं आणि दोघांनी मला शिडीने वर घेतलं.

दुसऱ्यांदा दुपारी उतरले, फक्त पंधरा मिनिटं. खाडीपार म्हणाले तेच, दुसऱ्यांदा शिडीवर पाय ठेवायलाच जड जातं.

पुढच्या रविवारी परत जातोय. नाशिककडचं कुणी काठावर उभं राहायला येऊ शकेल का? चुलत्यांना बागेत काम आहे.