रॉक सोडून श्रद्धेकडे वळलेल्या गिटारवादकावर माहितीपट: गाण्यांचे हक्क, जुन्या टेप, प्रार्थनेचं चित्रीकरण

सुरावट७९
साधारण ७० मिनिटांचा माहितीपट. विषय: बँड सोडून धर्माकडे वळलेला, आता साठीपुढचा गिटारवादक. हाताशी व्हीएचएस आणि हाय-८ च्या ३० कॅसेट, शिवाय पाव इंची ऑडिओ रिळं. जुन्या गाण्यांना त्याची लेखी परवानगी पुरते का? टेप डिजिटलमध्ये कशा उतरवाव्यात? आणि श्रद्धेचा भाग प्रचारपट न होता कसा दाखवायचा?

कटिंगरूम
नाही पुरत. प्रत्येक गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: एक शब्द-चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. पहिला बहुधा प्रकाशकाकडे, दुसरा रेकॉर्ड कंपनीकडे, आणि वाजवणाऱ्याकडे दोन्ही नसणं अगदी शक्य आहे. चाल बँडमधल्या चौघांच्या नावावर असेल तर चौघांचे प्रकाशक गाठावे लागतात.

फक्त महोत्सवांपुरता परवाना स्वस्त पडतो, तो जरूर घ्या. पण ओटीटी आणि टीव्हीचा दर त्याच करारात आत्ताच लिहून घ्या. चित्रपट गाजल्यावर बोलणी सुरू केलीत तर भाव समोरचा ठरवणार.

आज त्यानेच कॅमेऱ्यासमोर तेच गाणं नुसत्या गिटारवर वाजवलं, तर जुन्या ध्वनिमुद्रणाचा हक्क लागत नाही. चालीचा मात्र लागतोच. प्रार्थनागीतांतही फसगत होते. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द १७७९ मध्ये छापले गेले, ते केव्हाच हक्कमुक्त झाले. पण समूहगानासाठी केलेली नवी मांडणी कुणाच्या तरी मालकीची असू शकते.

आणि कृपा करून परवाना नसलेलं गाणं ‘तात्पुरतं’ म्हणून एडिटमध्ये टाकू नका. दोन महिन्यांत अख्खा प्रसंग त्याच्या ठेक्यावर उभा राहतो, आणि नकार आला की कोसळतो.

टेपडेक
आधी रिळं. वाजवताना टेप किंचाळत असेल, हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकट थर बसत असेल, तर ताबडतोब थांबा. चुंबकीय लेप टेपला धरून ठेवणारं बाइंडर, म्हणजे चिकटद्रव्य, ओल शोषून सुटलेलं असतं. आणखी वाजवलंत तर आवाजच खरवडून निघेल. अशी टेप ५४ अंश सेल्सिअसला साधारण ८ तास भाजतात, पूर्ण निवू देतात आणि काही आठवड्यांच्या आत उतरवून घेतात. डिजिटल फाइलचा दर्जा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा.

भाजण्याआधी रीळ उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची टेप आहे, ती कधीही भाजायची नाही.

कॅसेटसाठी एस-व्हिडिओ (उजळपणा आणि रंग वेगळे देणारी जोडणी) असलेला डेक आणि टाइम बेस करेक्टर, म्हणजे थरथरणारं चित्र स्थिर करणारं यंत्र, हवं. मूळ प्रत इंटरलेस्डच जपा, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची (फील्डांची) राहू दे. एडिटसाठी वेगळी प्रत करताना सेकंदाच्या ५० फील्डांच्या ५० फ्रेम करा. २५ केल्यात तर स्टेजवरचा हात झटके देत हलतो. आणि ४:३ चं चित्र ताणू नका, कडेला काळं राहू दे.

मंदप्रकाश
धर्मांतराचा क्षण शिखर समजून सगळा चित्रपट तिकडे ओढू नका. ब्रिटिश गायक कॅट स्टीव्हन्स यांनी १९७७ मध्ये इस्लाम स्वीकारला; पॉप अल्बम घेऊन ते परतले २००६ मध्ये. मधल्या काळात, १९८३ ला, त्यांनी लंडनमध्ये शाळा काढली. अशी मधली वर्षं हाच तुमचा खरा ऐवज. उलट, अमेरिकन रॉक बँड कॉर्नचे गिटारवादक ब्रायन वेल्च २००५ मध्ये बँड सोडून २०१३ मध्ये श्रद्धेसकट परतले. तिथे प्रश्न वेगळे पडतात.

‘देव म्हणजे काय?’ विचारलंत की प्रवचन मिळेल. ‘बँड सोडल्यावर गिटार कुठे ठेवलीत? आधी कुणाला सांगितलंत?’ असं विचारा. दुखावलेला जुना साथीदार चित्रपटात हवाच. माझ्या मते प्रचारपट टळतो तो त्याच्यामुळे.

बरीच वर्षं ड्रमशेजारी उभं राहिलेल्याचा एक कान अनेकदा मंद असतो. विचारणाऱ्याच्या तोंडावर उजेड ठेवा, ओठ दिसू देत. एसी, फ्रिज बंद.

प्रार्थनास्थळात दिवे लावू नका. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० सेकंद, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. छत उंच असतं, आवाज घुमतो, म्हणून कॅमेऱ्याचा माइक कामाचा नाही. बोलणाऱ्याच्या कॉलरला माइक लावा. शेवटी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. ज्यांना दिसायचं नाही त्यांच्यासाठी एक बाजू आधीच राखून ठेवा आणि कॅमेरा तिकडे वळवूच नका.

सुरावट७९
रीळ घरच्या ओव्हनमध्ये भाजलं तर चालेल?

टेपडेक
नाही. त्याचं तापमान १०-१५ अंशांनी सहज वरखाली होतं. प्रयोगशाळेतला इनक्युबेटर किंवा फळं सुकवायचं यंत्र घ्या, आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवा. आणि पहिल्यांदा भाजायचं ते सगळ्यात कमी महत्त्वाचं रीळ.