मदत हवी आहे: सगळं लिहून ठेवते, तरी ऐन वेळी घरात कोणालाच माहीत नसतं

रोजची_पळापळ

थेट मुद्द्यावर येते, वेळ नाहीये. आमच्याकडे कॅलेंडर आहे आणि मी सगळं त्यात टाकते. क्लासच्या वेळा, दातांचे डॉक्टर, विम्याचा हप्ता, पालकसभा, गाडीचं सर्व्हिसिंग, सगळं. तरी काल लेक पोहण्याच्या क्लासबाहेर चाळीस मिनिटं ओल्या केसांनी उभी. मला वाटलं नवरा जाईल, त्याला वाटलं मी जाईन. या वर्षातली ही चौथी वेळ.

दर जानेवारीत उत्साहाने सगळं लावते, मार्चपर्यंत चालतं, मग येरे माझ्या मागल्या. वर्षभर टिकेल अशी पद्धत कोणाकडे असेल तर सांगा. 'एकमेकांशी बोला' नको, बोलतो आम्ही. 'ॲप वापरा' पण नको, वापरतेय. सोमवारपासून धाकट्याची परीक्षा आहे, त्याआधी हवंय.

निळी_शाई

वही. एक जाड वही, डाव्या पानावर आठवडा, उजव्या पानावर कामं. अकरा वर्षं झाली, एकही गोष्ट चुकली नाही. चार्जिंग लागत नाही.

तिसरा_गजर

ताई, 'कॅलेंडर' म्हणजे नक्की काय? भिंतीवरचं की फोनमधलं? फोनमधलं असेल तर कोणतं, आणि नवऱ्याच्या फोनवर ते दिसतं कसं? घरात एकूण माणसं किती? यातलं काहीच धाग्यात नाही.

रोजची_पळापळ

फोनमधलंच हो, आजकाल आणखी कुठलं असतं? गूगल कॅलेंडर. शेअर केलंय त्याच्याशी. माणसं चार. म्हणजे पाच, सासूबाई धरून.

कपाटशास्त्री

मुळात घरात सामान जास्त असलं की डोक्यात गोंधळ राहतो. एका रविवारी प्रत्येक कपाट रिकामं करा. दाराशी प्रत्येकाचा एक खण, त्यात ज्याची त्याची बॅग, किल्ल्या, ओळखपत्र. कागदपत्रांची एकच फाईल, आणि पहिल्या पानावर कोणता कागद कधी संपतो त्याची यादी. पासपोर्टची मुदत लिहिताना छापील तारखेच्या बरीच आधीची तारीख लिहा, कारण पुष्कळ देश प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक मागतात. आमचं एकदा विमानतळावर जाऊन परत यायचं झालं होतं, तेव्हापासून मी ही यादी

कपाटशास्त्री

(अर्धवट गेला प्रतिसाद) …तेव्हापासून मी ही यादी दर तीन महिन्यांनी बघतो. मोज्यांच्या घड्यांवर वेगळा धागा काढेन.

फटकळ

मुलगी पाण्यातून बाहेर येऊन उभी आहे आणि आपण मोज्यांवर आलो.

धागाकर्तीच्या लेखनात 'मी टाकते' आहे, 'मला वाटलं' आहे. घरातलं इतर कोणी काही टाकतं का? ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१९ चा शोधनिबंध आहे, अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यूमध्ये. घरकामाच्या या न दिसणाऱ्या भागाचे त्यांनी चार तुकडे केलेत: पुढे काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. निर्णय जोडीने होतात, पण ओळखणं आणि नजर ठेवणं हे बहुतेक बाईकडे येतं, असं त्यांना मुलाखतींतून दिसलं. कॅलेंडर बदलून यात काय फरक पडणार?

रात्रपाळी

आला धागा नेहमीच्या वळणावर. आमच्याकडे सगळं मी लिहितो आणि बायको बघत नाही. त्यावर निघालाय का शोधनिबंध?

फटकळ

तुम्ही लिहिता हे उत्तमच. अपवादाची नोंद घेतली.

रात्रपाळी

टोमणे नकोत. बाईंनी पद्धत विचारली आहे, न्याय मागितलेला नाही.

दोन_चाकं

आम्ही रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं बसतो. टीव्ही बंद, मुलंही बसतात. येणारा आठवडा एक जण मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक गोष्टीला 'कोण?' असं विचारतो. बस, एवढंच. वर्षभर टिकलं, कारण चुकला तरी पुढचा रविवार येतोच. जानेवारीत सगळं वर्ष लावायला जाऊच नका. मार्चनंतर क्लास बदलतात, शिक्षक बदलतात, मग त्या नोंदी खोट्या ठरतात आणि खोटं कॅलेंडर कोणी उघडत नाही.

रोजची_पळापळ

रविवारी जमणार नाही. नवऱ्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, सकाळ, दुपार, रात्र. तीनातल्या दोन रविवारी तो घरी नसतो किंवा झोपलेला असतो.

तिसरा_गजर

हे आत्ता सांगताय?

पाळ्यांचं चक्र ठरलेलं आहे ना, तीन आठवड्यांचं? मग ते आधी कॅलेंडरात हवं. तीन नोंदी करा आणि प्रत्येकीची पुनरावृत्ती 'दर ३ आठवड्यांनी' ठेवा. तो कोणत्या दिवशी येऊ शकतो हे तुम्हाला न विचारता दिसेल.

आकडेमोड

५२ ला ३ ने भाग जात नाही, बाकी १ उरते, त्यामुळे दर वर्षी पाळी एका आठवड्याने सरकणार. त्यातून २०२६ हे ५३ आठवड्यांचं वर्ष आहे. आयएसओ ८६०१, म्हणजे तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याप्रमाणे वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो आठवडा पहिला. याआधी असं २०२० मध्ये झालं होतं, यानंतर २०३२ मध्ये होईल.

फटकळ

तोवर मुलगी स्वतः पोहून घरी येईल.

दुपारची_झोप

एक साधा प्रश्न. कालच्या नोंदीत शब्दशः काय लिहिलं होतं?

रोजची_पळापळ

"पोहणे ५ ते ६".

दुपारची_झोप

मग आणायला कोण जाणार हे त्यात कुठे आहे? ही नोंद मुलीसाठी आहे. ती बरोबर वेळेवर गेली आणि वेळेवर बाहेरही आली, तिचं काहीच चुकलं नाही. तुमची नोंद '६ वाजता लेकीला आणणे: बाबा' अशी हवी होती. घरातल्या प्रत्येक नोंदीत क्रियापद आणि नाव पाहिजे. नाव नसलेलं काम कोणाचंच नसतं.

निळी_शाई

वहीत आम्ही नावाच्या आद्याक्षराला गोल करतो. सुचवून ठेवतो.

तिसरा_गजर

वही तुमच्याबरोबर ऑफिसात येत नाही आणि ६ वाजता वाजतही नाही. वहीचं कौतुक पुरे.

निळी_शाई

वाजून उपयोग काय झाला? इथे फोन होताच की. भिंतीवरचा कागद किंवा टेबलावरची वही वाचायला निदान कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरा_गजर

निळी_शाई यांना नंतर उत्तर देतो. ताई, आता जाऊन नवऱ्याचा फोन हातात घ्या आणि कालची तारीख उघडा. त्याला तिथे नेमकं काय दिसतंय ते जसंच्या तसं इथे लिहा. अंदाज नको.

रोजची_पळापळ

पाहिलं. मला हसावं की रडावं कळत नाही.

त्याला 'पोहणे' दिसतच नाही. सगळीकडे नुसतं 'व्यस्त', 'व्यस्त', 'व्यस्त' अशा पट्ट्या आहेत. आठ महिने! मी विचारलं, तुला हे विचित्र वाटलं नाही का? तर म्हणतो, मला वाटलं तू कामात असतेस, म्हणून त्या वेळेत फोन करत नव्हतो.

रात्रपाळी

बिचारा. सभ्य माणूस आहे.

निळी_शाई

परवानगीबद्दल मी वर काही म्हणालो होतो का? सहज विचारतोय.

तिसरा_गजर

मानलं, एक गुण तुम्हाला.

ताई, शेअर करताना तुम्ही 'फक्त मोकळा वेळ/व्यस्त दाखवा, तपशील लपवा' असा पर्याय निवडलाय. संगणकावर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जा, त्याच्या ईमेलसमोर 'बदल करण्याची' परवानगी द्या, म्हणजे त्यालाही नोंदी टाकता येतील. फटकळ यांचा मुद्दाही त्यातून थोडा सुटेल.

पण एवढ्याने थांबू नका. तुम्ही लावलेली आठवण तुमच्याच फोनवर वाजते. शेअर केलेल्या कॅलेंडरच्या सूचना प्रत्येकाला आपापल्या फोनवर वेगळ्या लावाव्या लागतात. नवऱ्याच्या फोनवर ॲपच्या सेटिंगमध्ये तुमच्या कॅलेंडरचं नाव शोधा आणि तिथे सूचना जोडा, एक आदल्या रात्री आणि एक तासभर आधी. दिवसभराच्या नोंदींची सूचना त्याच पानावर पण निराळ्या रकान्यात असते, तीही लावा. ज्या कामासाठी तोच जाणार आहे, त्यात त्याला पाहुणा म्हणून जोडलं तर ती नोंद थेट त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरात जाते. माझ्या मते हे सगळ्यात खात्रीचं.

आणि एक, यातलं काही तुम्ही 'टास्क' म्हणून, म्हणजे नोंदीऐवजी कामांच्या यादीत, टाकता का? साध्या खात्यातले टास्क फक्त तुम्हालाच दिसतात, कॅलेंडर शेअर केलं तरी दुसऱ्याला दिसत नाहीत.

रोजची_पळापळ

विम्याचा हप्ता, गाडी, शाळेची फी, सगळं टास्क आहे. आणि आता विषय निघालाच आहे तर, महिनाअखेरच्या कामाची आठवण मी ३१ तारखेला दर महिन्याला लावली होती, नोंद म्हणूनच. ती कधी वाजते, कधी नाही. तेही माझंच चुकलं का?

तिसरा_गजर

३१ तारीख बारापैकी सातच महिन्यांत असते. कॅलेंडरांचं देवाणघेवाणीचं एक मानक आहे, आरएफसी ५५४५, २००९ सालचं. त्यात स्पष्ट आहे की पुनरावृत्तीत अस्तित्वात नसलेली तारीख आली तर ती सोडून द्यायची. म्हणजे एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत तुमची आठवण गप्प बसते. २८ तारखेला लावा. तसाही हप्ता शेवटच्या दिवशी भरू नये.

आकडेमोड

२९ ला लावली तर लीप वर्षात बारा वेळा वाजेल, एरवी अकरा. पुढचं लीप वर्ष २०२८.

दुपारची_झोप

सासूबाईंचं कोणी विचारलंच नाही. त्या घरी असतात ना? त्यांना हे सगळं कुठे दिसतं?

रोजची_पळापळ

त्यांचा साधा फोन आहे, बटणांचा. त्यांना मी सकाळी तोंडी सांगून निघते. काल सांगायचं राहिलं. त्या म्हणाल्या, मला माहीत असतं तर मीच गेले असते, क्लास दोन गल्ल्या सोडून तर आहे.

दोन_चाकं

घ्या! म्हणजे आणायला जाऊ शकणारं माणूस घरातच होतं.

निळी_शाई

भिंत. एक कागद, आठवड्याचा, मोठ्या अक्षरात. मी आता आणखी काही बोलत नाही.

तिसरा_गजर

बोला, बोला. या वेळी मीही तुमच्या बाजूने आहे. फोनमधलं कॅलेंडर हे मूळ, आणि आठवड्यातून एकदा त्यातला आठवडा छापून भिंतीवर लावा. फक्त उलटं करू नका. कोणी भिंतीवर पेनाने काही वाढवलं तर ते त्याच रात्री फोनात गेलं पाहिजे, नाहीतर दोन कॅलेंडरं होतील आणि दोन्ही अर्धवट.

फटकळ

आणि ते छापून लावायचं काम कोणाचं? नाव लिहा, क्रियापदासह.

रोजची_पळापळ

लिहिलं. 'शनिवारी रात्री कागद लावणे: बाबा'. रात्रपाळीच्या आठवड्यात थोरली लावेल, ती बारा वर्षांची आहे आणि कालपासून तिला या विषयात फारच रस आलाय. परवानगी बदलली, सूचना लावल्या, टास्क मात्र एकेक करून नोंदीत हलवायचे बाकी आहेत, चाळीसेक निघाले. नवऱ्याने त्याच्या फोनवरून पहिली नोंद केली: 'सोमवार, परीक्षा, सोडायला बाबा, आणायला आजी'. मला न विचारता.

धागा बंद करू नका, मार्चमध्ये येऊन सांगते टिकलं का.

कपाटशास्त्री

कागद कुठे लावणार? दाराच्या आतल्या बाजूला लावा, मोज्यांच्या खणाच्या वर. बूट घालताना नजर तिथेच जाते.