पुराच्या क्लेमची केस आयोगात आहे, कंपनी खासगी मध्यस्थी सुचवतेय. जावं का?

शाहूपुरी_होलसेल: जुलै २०२१ च्या पुरात दुकानातला माल भिजला. पॉलिसी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, मे २०२१ ची, विमा रक्कम २४ लाख. क्लेम १५ लाखांचा, सर्व्हेअरने (नुकसान मोजायला आलेल्या माणसाने) काढले ८.५५ लाख. व्हाउचरवर 'फुल अँड फायनल' सही मागतात म्हणून तेही उचलले नाहीत. कोल्हापूर ग्राहक आयोगात युक्तिवाद बाकी आहे. आता त्यांचे वकील म्हणतात, खासगी मध्यस्थ नेमू, फी निम्मी-निम्मी. नाही जमलं तर केस कमजोर होईल का?

क्लेमवाला: आधी ८.५५ कुठून आले ते बघा. सर्व्हेअरने दुकानातला माल ४० लाखांचा धरलेला दिसतोय. विमा मालाच्या किमतीपेक्षा कमी असला (अंडरइन्शुरन्स) तर क्लेमही त्याच प्रमाणात कापतात, त्याला ॲव्हरेज म्हणतात. २४ भागिले ४०, म्हणजे ६० टक्के. १५ चे झाले ९ लाख, त्यातून ५ टक्के एक्सेस (आपण सोसायचा वाटा) वजा. पण या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा अंडरइन्शुरन्स माफ असतो. माल २८ लाखांचाच होता असं दाखवता आलं तर तूट साधारण १४.३ टक्के, ॲव्हरेज लागतच नाही आणि आकडा जातो १४.२५ लाखांवर. म्हणजे सगळं भांडण ४० की २८ एवढंच. बँकेला दिलेलं जूनचं स्टॉक स्टेटमेंट आणि खरेदी-विक्रीची बिलं काढा. बँकेला ४० लिहून दिलं असेल तर मात्र अवघड आहे!

असा हिशेबाचा वाद मध्यस्थीत छान सुटतो. क्लेम मुळातच नाकारलेला असता तर निकालच घ्या म्हणालो असतो.

कसबा_बावडा_वकील: केस कमजोर होत नाही. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही. करारात तसं लिहून घ्याच. आयोगामार्फतही मध्यस्थी होते, पण खासगीत विम्याचा हिशेब कळणारा माणूस तुम्हाला निवडता येतो. पैसे मोजायचे ते त्यासाठीच.

घोळ होतो तो दुसरीकडे. कंपनीकडून नुसते वकील येतात आणि संध्याकाळी 'वरून मंजुरी घ्यावी लागेल' म्हणतात. किती रकमेपर्यंत तडजोडीचा अधिकार आहे, त्याचं पत्र आधीच मागा. आणि चेक यायच्या आधी केस काढून घेऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी. तडजोडनामा आयोगात दाखल करून त्यावर आदेश घ्या. रक्कम, तारीख आणि उशीर झाल्यास व्याजदर त्यात हवा. मग पैसे थकले तर २०१९ च्या कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली लावता येते.

व्याज विसरू नका. ९ टक्क्यांनी १४.२५ लाखांवर वर्षाला १,२८,२५० होतात.

शाहूपुरी_होलसेल: त्यापेक्षा विमा लोकपालाकडे गेलो तर?

कसबा_बावडा_वकील: आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत. दुकानावर बँकेचं कॅश क्रेडिट (मालावरचं कर्जखातं) आहे का? पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर चेक बँकेच्या नावे निघतो. तडजोडीला हरकत नसल्याचं बँकेचं पत्र बैठकीआधीच घेऊन ठेवा.