व्हेपच्या मेकॅनिकल मॉडचं बटण तापतंय, सेलचं रॅप फाटलंय. वापरू द्यावं का?

रेवती_नाशिक
भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकतो. तिथे त्याने कुणाकडून तरी जुना मेकॅनिकल मॉड घेतलाय, म्हणजे ई-सिगारेटची सेल बसवायची धातूची नळी, आत सर्किट नसलेली. कॉइल (द्रव तापवून वाफ करणारी तार) 0.15 ओहमची. सोबत 18650 आकाराचे दोन सेल: एकावर '3800 एमएएच, 40 अँपिअर' छापलंय, दुसऱ्याचं रॅप (बाहेरचं प्लॅस्टिकचं वेष्टन) वरच्या कडेला फाटलंय. खालचं बटण चटका बसेल इतकं तापतं. सोडून दे म्हटलं तर 'नेमकं काय होईल ते सांग' म्हणतो. जाणकारांनी आकड्यांनिशी सांगावं, त्याला पाठवते.

ओहमकार
रेवतीताई, आधी फाटलेला सेल. सेलचं पॉझिटिव्ह म्हणजे फक्त वरची टोपी. बाकी पत्र्याचा अख्खा डबा, अगदी वरच्या वळलेल्या कडेपर्यंत, निगेटिव्ह असतो. दोघांच्या मधे जेमतेम मिलिमीटरभर फट, एक पातळ चकती आणि ते रॅप. मेकॅनिकल मॉडमध्ये बटण दाबल्यावर सेलचं निगेटिव्ह टोक नळीला जोडलं जातं. रॅप फाटलेल्या जागी डबा थेट नळीला टेकला, तर बटण न दाबताच कॉइल पेटते आणि पेटलेलीच राहते. पत्र्याला पोचा नसेल तर नवं रॅप चढवता येतं, पण सेल कुठून आला, किती वापरला हे माहीत नसताना मी तो बादच करेन.

आता करंट. पूर्ण चार्ज सेल 4.2 व्होल्ट, भागिले 0.15, म्हणजे 28 अँपिअर. लोडखाली व्होल्टेज थोडं पडतं, पण हिशेब 4.2 वरच करायचा. सॅमसंग 30क्यू हा चांगला सेल, त्याची सलग करंट देण्याची क्षमता 15 अँपिअर. सॅमसंग 25आरची 20. म्हणजे असे अस्सल सेलसुद्धा या कॉइलला पुरत नाहीत. 3800 एमएएच साठवण आणि 40 अँपिअर करंट एकाच 18650मध्ये बसतच नाहीत. कुणीतरी साध्या सेलवर नवं छापील रॅप चढवलंय. वजन करून पाहू द्या: अस्सल सेल साधारण 44 ते 48 ग्रॅम भरतो, बराच हलका निघाला तर शंकाच नको. वजन बरोबर आलं म्हणून मात्र सेल खरा ठरत नाही.

लेथवाला
बटण तापण्याचं कारण बहुतेक वेळा संपर्कातच असतं. काळवंडलेले आटे, झिजलेली पिन. तिथे फक्त 0.01 ओहम रोध आला तरी 28 अँपिअरला जवळपास 8 वॉट उष्णता नुसत्या बटणात तयार होते. बटणात स्प्रिंग असेल तर ती तापून मऊ पडते, बसते, आणि बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकतं. मग बंद करणारं काहीच उरत नाही.

वरचं झाकणही उघडून बघायला सांगा. अ‍ॅटोमायझर (कॉइल असलेला वरचा भाग) थेट सेलवर टेकत असेल (हायब्रिड), तर त्याच्या जोडाच्या (510) आट्यांच्या मधली पिन आट्यांपेक्षा स्पष्ट पुढे आलेली हवी. ती सपाट असेल तर आट्यांची कडा सेलच्या टोपीवर आणि वळलेल्या कडेवर एकदम टेकते. हा सरळ शॉर्ट, कॉइलचा रोधही मधे नाही. सेल आतून तापत जातो, वायू सुटतो, आणि नळीला पुरेशी भोकं नसतील तर नळीच फुटते. 2018 साली फ्लोरिडात आणि 2019 साली टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसं दगावली आहेत.

कॉइल साध्या मल्टिमीटरवर मोजू नका. त्याच्या वायरींचाच रोध 0.1 ते 0.3 ओहम असतो. कॉइलसाठी वेगळा ओहम मीटर मिळतो.

रेवती_नाशिक
खूप आभार दोघांचे. सुटा सेल तो किल्ल्यांसोबत खिशात ठेवतो! आणि दिवाळीला येताना हे सगळं आणणार म्हणतो.

ओहमकार
खिसा आजच बंद करायला सांगा. किल्ली टोपी आणि कड यांच्यावर आडवी पडली की झाला शॉर्ट. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2009 ते 2016 मधल्या 195 घटना तपासल्या, त्यातल्या 61 खिशातल्या होत्या. सेलसाठी प्लॅस्टिकची डबी अगदी स्वस्तात मिळते.

कधी पेट घेतलाच तर कपडा लगेच काढायचा, भाजलेल्या जागी 20 मिनिटं वाहतं गार पाणी धरायचं आणि रुग्णालयात 'लिथियम बॅटरीने भाजलंय' असं स्पष्ट सांगायचं. आतल्या द्रावामुळे रासायनिक इजाही होते, त्यामुळे तिथे पीएच तपासावा लागतो.

भारतात आणू नका. 2019च्या कायद्याने ई-सिगारेटची आयातही गुन्हा आहे: पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय व्हेप आणि सुटे सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

दोन्ही सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून तिथल्या सुपरमार्केटमधल्या बॅटरीच्या डब्यात टाकायला सांगा. मॉड व्हेपच्या दुकानात द्यावा, त्यांना जुनं उपकरण परत घ्यावं लागतं. घरच्या कचऱ्यात मात्र काहीच टाकू नये, कचऱ्याच्या गाडीत सेल दाबला गेला की तिथे आग लागते.