सेकंडहँड व्ही-ट्विन घेतली की आधी मूळ रूपात आणा, मगच हात लावा

वाघूरकाठ (जळगाव)

वापरलेली व्ही-ट्विन (V आकारात दोन सिलिंडर असलेली मोटरसायकल) घरी आली की आधीच्या मालकाने बसवलेलं सगळं उतरवा, गाडी कंपनीच्या रूपात आणा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा चालवा. त्यानंतर काय बदलायचं ते ठरवा. माझं हे मत ठाम आहे आणि त्यावर भांडायला तयार आहे.

माझी आयर्न ८८३, म्हणजे हार्ली-डेव्हिडसनच्या स्पोर्टस्टर मालिकेतली, पुण्याच्या पासिंगची. आधीच्या मालकाने तिला आखूड सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, बुटके शॉकअप आणि सपाट हँडल लावलं होतं. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्याला ते आवडत असेल. पण अशी गाडी घेतली की आपण गाडीची सवय करतोय की त्या माणसाच्या आवडीची, तेच कळत नाही. हिसका बसला तर तो इंजिनचा स्वभाव, क्लचची चूक की हवा-पेट्रोलचं बिघडलेलं मिश्रण? मूळ गाडी ठाऊक नसेल तर याचं उत्तर मिळत नाही.

या इंजिनचा स्वभाव समजायला वेळ द्यावाच लागतो. दोन सिलिंडरमध्ये ४५ अंशांचा कोन आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे एका ठोक्यानंतर दुसरा क्रँक ३१५ अंश फिरल्यावर येतो आणि त्यापुढचा ४०५ अंशांनी. आपण ज्या आवाजावर भाळतो तो याच असमान ठोक्यांचा. पण वरच्या गिअरमध्ये वेग पडला की हीच असमानता हिसके देते. बुलेटवरून आलेला माणूस गाव ओलांडताना चौथ्यातच ओढायला बघतो. इथे गिअर उतरवायचा, इंजिन मोकळं फिरू द्यायचं. शिवाय वजन २५० किलोंच्या पुढे. अरुंद रस्त्यावर मागे वळायचं तर मागचा ब्रेक हलका दाबलेला, क्लच अर्धा सुटलेला आणि नजर जिथे जायचंय तिथे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक आवळला की गाडी आडवी झालीच. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर काळी माती सांडतात, तिथे तर हे हातात बसलेलंच हवं. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही पार्टने ते येत नाही.

थांबू नये अशी कामं वेगळी: टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टची तपासणी. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१७ असेल तर तो २०१७ च्या ३२व्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असो, असा टायर पहिल्याच दिवशी काढा. बेल्टच्या दातांत खडी अडकून चीर पडलीय का, तेही हाताने फिरवून बघा.

अमळनेरकर

भो, टायर-ब्रेकचं मान्य, पण 'सगळं उतरवा' हे मला अजिबात पटत नाही. मूळ रूप म्हणजे तरी काय? प्रदूषणाच्या नियमांत बसवण्यासाठी कंपनीने मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) ठेवलं, ते मूळ रूप. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ ४५ अंशांच्या वर जातं. इंजिन हवेवर थंड होणारं आणि मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला. अजिंठा चौफुलीला दुपारी दोन वाजता थांबून बघ, उजवी मांडी शेकून निघते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या मॅपवर (किती इंधन सोडायचं त्याचे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे) गाडी आणखी पातळ, आणखी गरम. अशा गाडीवर 'एक उन्हाळा काढा' म्हणणं म्हणजे इंजिनला शिक्षा आहे. मी तर म्हणतो गाडी आणल्या आणल्या चांगल्या ट्यूनरकडे न्या, फिल्टर, एक्झॉस्ट आणि मॅप एकदमच करा. मोकळा श्वास मिळालेलं इंजिन ओव्हरटेकला किती सहज खेचतं ते केळीच्या ट्रकांमागे अडकल्यावर कळतं.

लळिंग (धुळे)

कायद्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. अपघात झाला तर विमा कंपनी आधी गाडीतले बदल शोधते. टाकीचा रंगसुद्धा आरसीवर लिहिलेल्या रंगाशी जुळावा लागतो.

कायदा बाजूला ठेवला तरी शेजारी आहेतच. पहाटे पाचला तोरणमाळला निघताना अख्खी गल्ली उठवायचा अधिकार कोणाला नाही. घरात आजारी माणूस असलेल्याला जाऊन विचारा तो आवाज कसा वाटतो. माझं मत वाघूरकाठच्या बाजूने.

भुसावळ जंक्शन

अमळनेरकर, इथेनॉलचं गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. स्पोर्टस्टरला २००७ पासून फ्युएल इंजेक्शन आहे, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आहेत. एकसारख्या वेगात गाडीचा कॉम्प्युटर सेन्सरकडे बघून इंधन कमी-जास्त करतो, तिथे इथेनॉलची भरपाई आपोआप होते. पूर्ण थ्रॉटल दिला की तो सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि मॅपमध्ये लिहिलेल्या आकड्यांवर चालतो. तुमचा मुद्दा तिथे लागू पडतो. पण चौफुलीवर मांडी शेकते ती मुख्यतः हवा वाहत नाही म्हणून. मॅपने चटका थोडा उतरेल, जाणार नाही. लांब सिग्नल असेल तर इंजिन बंद करा, यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

खरा धोका अर्धवट कामात आहे. सायलेन्सर-फिल्टर बदलले आणि मॅप तोच ठेवला, तर थ्रॉटल उघडल्यावर हवा जास्त आणि इंधन तेवढंच. सेकंडहँड गाड्यांत हा प्रकार सर्रास असतो, कारण पार्ट दिसतात, मॅप दिसत नाही. सोडलेल्या थ्रॉटलवर सायलेन्सरमधून फटफट बार निघतात ते लोकांना भारी वाटतं. मला ते ऐकून आधी मिश्रणाची आणि एक्झॉस्टच्या जोडांवरच्या गळतीची शंका येते. विकणाऱ्याला सरळ विचारा, मॅप कोणी केला आणि त्याची फाइल कुठे आहे. फाइल नसेल तर मॅप झालाच नाही असं समजून मूळ रूपात परत जा. फाइल असेल, काम स्वच्छ असेल, तर केवळ तत्त्वासाठी उतरवायची गरज मला दिसत नाही.

इंधनाच्या नळ्या आणि ओ-रिंग मात्र बघाच. जुन्या गाड्यांचं रबर एवढ्या इथेनॉलसाठी बनलेलं नाही.

नंदुरबारची रायडर

दादा, 'एक पावसाळा, एक उन्हाळा थांबा' हे ज्याच्या मापाची गाडी आहे त्याचं म्हणणं आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच. माझ्याही आयर्नला आधीच्या मालकाचं सपाट हँडल होतं. तोरणमाळच्या घाटात उलट्या वळणावर बाहेरच्या बाजूची मूठ हातातून निसटायला लागायची, कारण हात तिथपर्यंत पोहोचतच नव्हता. मी लगेच मागे वळलेलं हँडल बसवलं आणि क्लचचा लिव्हर जवळ येईल असा घेतला. यात वाट कसली बघायची? गाडीची सवय व्हायला आधी गाडीवर नीट बसता यायला हवं.

दुसरं, शॉकअप. २०१५ पर्यंतच्या आयर्नला मागचं चाक कंपनीच्याच शॉकअपवर जेमतेम ४१ मिलिमीटर वरखाली होतं. आपल्याकडच्या गतिरोधकांवर आणि शहादा बाजूच्या खड्ड्यांवर तेवढ्याने काय होणार? प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. मूळ रूपात आणा म्हणजे हेच परत आणा का? मी पहिला खर्च शॉकअपवर केला, सायलेन्सरचा विचारही केला नाही आणि करणार नाही.

वाघूरकाठ

ताई, हँडल आणि लिव्हरबद्दल वाद नाही, ते माणसाच्या मापाचं काम आहे. मीही सपाट हँडल उतरवलंच. शॉकअपवर मात्र मी अडून राहतो. १३ इंची शॉकअप लावले की मागची बाजू उचलली जाते, पुढचा फोर्क थोडा उभा होतो आणि वळणात गाडी लवकर झुकते. हे चांगलंही वाटू शकतं, पण मूळ वळण ज्याला माहीत नाही त्याला फरक कळणार कसा? साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आपल्या मुरमाड जागेत ते महागात पडतं. बुटके काढून मूळ लांबीचे, पण चांगल्या दर्जाचे बसवले तर खड्ड्यांचा बराच त्रास जातो आणि तोल बदलत नाही. चाकाची हालचाल कमीच राहील, म्हणून स्प्रिंगचा ताण आपल्या वजनाला लावून घ्यायचा.

अमळनेरकर, इथेनॉलसाठी मॅप करायचा तर मूळ सायलेन्सरवरही करता येतो. त्यासाठी गाव जागं करायची गरज नाही.

अमळनेरकर

मूळ सायलेन्सर आणायचे कुठून, ते सांगा ना. हवेवर थंड होणारी जुनी स्पोर्टस्टर आता कंपनी बनवत नाही. नवे मागवायचे तर जिल्ह्याबाहेर ऑर्डर, किंमत ऐकून डोकं गरगरतं. त्याच पैशात नीट मॅप होतो. माझ्याकडे फाइल आहे, मॅप तपासून घेतलाय, आवाजाला आतून जाळी बसवलीय. गल्लीत शिरताना मी थ्रॉटल बंद ठेवतो. मला उतरवायचं कारण दिसत नाही.

लळिंग (धुळे)

थ्रॉटल बंद ठेवून डेसिबलचं यंत्र ऐकत नाही, भाऊ. जाळी बसवून मोजणी केली का? केली नसेल तर आधी ती करा, मग बोलू.

भुसावळ जंक्शन

मूळ सायलेन्सर बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या माळ्यावर पडलेले असतात. नवे बसवणारा जुने सहसा फेकत नाही. टोकन देण्याआधी मागा, तेव्हा ते फुकट मिळतात. गाडी नावावर झाल्यावर तोच माणूस फोन उचलत नाही. मूळ एअर फिल्टरचा डबा आणि मागच्या चाकाचं साडी गार्डही त्याच वेळी मागून घ्या. मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारं संरक्षण नियमाने लागतंच.

आणि ताई, १३ इंची शॉकअप लावले असतील तर बेल्टचा ताण परत तपासून घ्या.