आधी एन्झाइम कोणतं ते पाहा
रिपोर्टमध्ये ‘कार्बापेनेम रेझिस्टंट’ (कार्बापेनेम गटाच्या अँटिबायोटिकना दाद न देणारे जंतू) दिसलं की सरळ सेफ्टाझिडाइम-अ‍ॅव्हिबॅक्टम (एक अँटिबायोटिक आणि जंतूंचं एन्झाइम रोखणारं औषध, यांची जोडी) सुरू करावं, हे मत अर्धंच बरोबर आहे. असे जंतू अनेकदा औषध तोडणारं एन्झाइम बनवतात. ते केपीसी किंवा ओएक्सए-४८ प्रकारचं असेल तर ही जोडी बहुधा चालते. एनडीएम प्रकारचं असेल तर नाही. त्या एन्झाइमचं काम जस्तावर चालतं आणि अ‍ॅव्हिबॅक्टम त्याला रोखू शकत नाही. अशा वेळी सोबत आणखी एक अँटिबायोटिक, अ‍ॅझट्रिओनाम देतात: एनडीएम ते तोडत नाही, आणि ते तोडणाऱ्या बाकीच्या बहुतेक एन्झाइमना अ‍ॅव्हिबॅक्टम अडवतं. म्हणून लॅबला एन्झाइम कोणतं हे विचाराच, कृपया.

आणि हो, रेक्टल स्वॅबमध्ये (गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्यात) नुसते हे रेझिस्टंट जंतू सापडले, संसर्गाची लक्षणं नाहीत, तर अँटिबायोटिक नको. आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि या रेझिस्टंट जंतूंनाच मोकळं रान मिळतं.