धार्मिक सणांना सरकारी सुट्टी हवीच कशाला?

पंचांगी

धर्म आणि राज्य यांची फारकत म्हटलं की पहिलं नाव फ्रान्सचं येतं. १९०५चा कायदा तिथे उठताबसता ऐकवला जातो. त्याच फ्रान्सच्या ११ सरकारी सुट्ट्यांपैकी ६ मूळच्या कॅथलिक सणांच्या आहेत. २००३ मध्ये याच विषयावर सरकारने नेमलेल्या स्टासी आयोगाने सुचवलं, की योम किप्पूर (ज्यूंचा प्रायश्चित्ताचा उपास) आणि बकरी ईद या दोन दिवशीही शाळांना सुट्टी द्यावी. शाळेत ठळक धार्मिक चिन्हं नकोत ही त्याच आयोगाची शिफारस सरकारने लगोलग कायद्यात आणली. सुट्ट्यांची मात्र गुंडाळून ठेवली. म्हणजे नियम सगळ्यांना आणि सण एकाचा.

माझं म्हणणं असं, की सरकारने कुठल्याच धर्माच्या सणाला सुट्टी देऊ नये. तेवढे दिवस प्रत्येकाच्या रजेच्या खात्यात टाकावेत. ईद करणाऱ्याने ईद करावी, नाताळवाल्याने नाताळ, आणि ज्याला यातलं काहीच नको त्याने तंगड्या पसरून झोपावं.

सुट्टी नाही म्हणून सण बुडत नाही. जपानमधला ओबोन बघा. ऑगस्टच्या मध्यावर पितर घरी येतात अशी श्रद्धा. त्यांना वाट दिसावी म्हणून दारात छोटा जाळ करतात, कबरी धुऊन फुलं ठेवतात, निरोपाला पुन्हा जाळ. राष्ट्रीय सुट्ट्यांच्या यादीत ओबोनचं नाव नाही. तरी त्या दिवसांत बुलेट ट्रेनचं आरक्षण मिळवताना नाकी नऊ येतात.

मुशाफिर

ओबोनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ट्रेन भरतात कारण बऱ्याच कंपन्या त्याच आठवड्यात एकदम बंद ठेवतात. प्रत्येकाने आपापली रजा टाकली असती, तर थोरला आज गावी, धाकटा पंधरा दिवसांनी, आणि पितरांनी दोनदा हेलपाटा घालायचा.

सण म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी थांबणं. इस्राएलमध्ये योम किप्पूरला गाडी चालवायला कायद्याने बंदी नाही. तरी आदल्या दिवशी सूर्य मावळला की रस्ते ओस पडतात. विमानतळ बंद, टीव्ही बंद. ज्या महामार्गावर एरवी पायी उतरायची छाती होणार नाही, तिथे मुलं सायकली दामटत असतात. कधी सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, पायरी न चढणारेसुद्धा त्या दिवशी गाडी काढत नाहीत. ही शांतता रजेच्या अर्जाने मिळत नाही.

तिरकस

आणि ज्याला थांबायचं नाही त्याचं काय? बालीतला न्येपी घ्या. हिंदू शक नववर्ष, चोवीस तास. दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद. पेचालांग म्हणजे गावचे पहारेकरी गस्त घालतात. खिडकीतून उजेड दिसला तर दार वाजवतात. पर्यटकही हॉटेलातच कोंडलेले. मौन माझं असेल तर ती साधना. दुसऱ्यावर लादलं की संचारबंदी.

वैनतेय

तिरकसराव, न्येपीवर टीका जरूर करा, पण त्याच इंडोनेशियातली दुसरी बाजूही बघा. सुहार्तोंच्या राजवटीत १९६७ साली चिनी रीतिरिवाज उघड्यावर साजरे करायला बंदी आली. चिनी नववर्ष घराच्या चार भिंतींत, दारं लावून. २००० साली राष्ट्राध्यक्ष अब्दुररहमान वाहिद यांनी ती बंदी उठवली आणि २००३ पासून तो दिवस राष्ट्रीय सुट्टी झाला. न्येपीलाही तिथे १९८३ पासून देशभर सुट्टी आहे, मुसलमान बहुसंख्य असूनसुद्धा.

ज्यांचा सण एकेकाळी गुन्ह्यासारखा लपवावा लागे, त्यांना दिनदर्शिकेतली ती एक तारीख 'तुम्हीही इथलेच' असं सांगते. रजेच्या खात्यातले दिवस हे सांगू शकत नाहीत. पंचांगींचा हिशोब बरोबर असेल, पण तो बेरजेचा आहे.

चष्मिष

सगळे न्याय-अन्याय बोलताहेत. सरकारं सुट्ट्या कधी काढतात ते बघितलंय का? पैसा लागला की!

जर्मनीत नोव्हेंबरमधला प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा बुधवार १९९५ मध्ये गेला. कारण काय, तर वृद्ध आणि आजारी माणसांच्या सुश्रूषेचा नवा विमा. मालकांवर हप्त्याचा बोजा पडणार, त्याची भरपाई म्हणून कामाचा एक दिवस वाढवला. फक्त सॅक्सनी राज्याने सुट्टी ठेवली, त्यामुळे तिथला नोकरदार आजही या विम्याचा हप्ता इतर राज्यांपेक्षा जास्त भरतो. सणाची किंमत थेट पगारपत्रकावर!

फ्रान्समध्ये २००३च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार माणसं गेली, बहुतेक म्हातारी. पुढच्या वर्षी म्हाताऱ्यांच्या देखभालीला पैसा उभा करायला कायदा आला: पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी, सुट्टी असूनही, बिनपगारी काम करायचं. लोक इतके भडकले की २००८ मध्ये तो सैल करावा लागला.

आणि डेन्मार्क. १६८६ पासूनचा, शुक्रवारी येणारा 'मोठ्या प्रार्थनेचा दिवस' २०२४ पासून बंद. पैसा संरक्षण खर्चासाठी. चर्चमध्ये नेमाने जाणारे तिथे मूठभर. तरी २०२३ मध्ये संसदेसमोर हजारोंचा मोर्चा आला, पुढे कामगार संघटना. त्या दिवसाशी बहुतेकांचं नातं काय, तर आदल्या संध्याकाळी गरम पाव भाजून लोणी लावून खायचे. धर्म कधीच निघून गेला होता; हक्काचा रिकामा दिवस कुणाला सोडायचा नव्हता.

तिरकस

म्हणजे देव गेला तरी चालेल, शुक्रवार जाता कामा नये. :)

मुशाफिर

हसा, पण हेच मी म्हणतोय. पाव खायलाही सगळे एकाच संध्याकाळी घरी लागतात.

पंचांगी

चष्मिष, सरकारचा हेतू पैशाचा असतो हे कबूल. म्हणून माझं म्हणणं कच्चं कसं ठरतं? दिवस काढून घ्या असं मी म्हटलेलंच नाही. ते कामगाराच्या ताब्यात द्या म्हणतोय. उलट पोर्तुगाल बघा. काटकसरीच्या काळात २०१२ मध्ये सरकारने थेट व्हॅटिकनशी बोलून दोन कॅथलिक सुट्ट्या स्थगित केल्या आणि २०१६ मध्ये परत आणल्या. सुट्टी कामगाराची, आणि तिचा सौदा सरकार आणि चर्चमध्ये!

वैनतेय, ओळख द्यायची तर समान द्या. सिंगापूरने १९६८ मध्ये सुट्ट्या कमी करताना प्रत्येक धर्माला कात्री लावली. ईस्टर सोमवार गेला, पैगंबर जयंती गेली, तमिळ हिंदूंचा थायपूसम गेला.

वैनतेय

थायपूसम बरा आठवला. पन्नासहून जास्त वर्षं झाली, सुट्टी नाही. तरी हजारो भक्त दुधाचे कलश आणि कावडी घेऊन श्रीनिवास पेरुमाळ मंदिरापासून दंडायुधपाणी मंदिरापर्यंत अनवाणी चालतात. मिरवणूक रात्रीच सुरू होते. सण टिकला, मान्य. पण मधल्या वारी आला तर कावडी घेणाऱ्याला रजा टाकावी लागते आणि नाताळला त्याच्या साहेबाला टाकावी लागत नाही.

पंचांगी

मग साहेबालाही टाकू द्या ना!